ग्राफ्टिंगची तारीख मिळाली? आधी मांडीचा विचार करा

त्वचारोपणाचं, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेची कातडी काढून जखमेवर लावायचं (ग्राफ्टिंगचं) ऑपरेशन ठरलं की घरच्यांचं सगळं लक्ष जखमेवर असतं. मी बर्न्स वॉर्डात ड्रेसिंग करते, आणि नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न असतो, कातडी कुठून काढणार हे पेशंटला सांगितलंय का? बहुतेक वेळा ती मांडीवरून काढतात. वरचा पातळ थर, साधारण 0.2 ते 0.4 मिलिमीटर जाडीचा. खाली त्वचेचा काही भाग आणि केसांची मुळं शिल्लक असतात, त्यांच्यातूनच ती जागा दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरून येते. पण तोवर ती झोंबते, आणि पहिले काही दिवस तर मूळ जखमेपेक्षाही जास्त दुखते. ज्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, ते भूल उतरल्यावर धडधाकट मांडीला बांधलेली पट्टी बघून हबकून जातात. म्हणून हे आधीच, शांतपणे, पेशंटशी बोलून घ्या. त्या जागेवर रंगाचा फरक राहू शकतो. कपड्यांत झाकली जाईल अशी जागा हवी असेल तर ते ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा. चेहरा किंवा बोटांसारख्या छोट्या जागेसाठी पूर्ण जाडीची कातडी लावतात. ती कानामागून, जांघेतून किंवा गळ्याच्या हाडावरून काढतात आणि ती जागा टाके घालून बंद करतात. अशी कातडी नंतर कमी आकसते.

जखम तयार आहे का, हेही विचारा. भाजलेलं खोल असेल तर मेलेली कातडी आपोआप सुटण्याची वाट न बघता पहिल्या काही दिवसांतच ती खरवडून काढून वर ग्राफ्ट लावणं चांगलं, हे 1970 पासून मान्य होत गेलं. त्यामुळे ऑपरेशन लवकर ठरलं म्हणून घाबरू नका. जुनी जखम असेल तर ती लाल, सपाट, बारीक दाण्यांची हवी. पू नको, वास नको. स्वॅबचा, म्हणजे जखमेतल्या जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट आला का ते बघा, कारण स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू लावलेली अख्खी कातडी विरघळवून टाकू शकतो. उघड्या हाडावर किंवा वरचं आवरण गेलेल्या स्नायूबंधावर पातळ कातडी जगत नाही. तिथे फ्लॅपसारखा, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट जाड तुकडा लावण्याचा दुसरा मार्ग लागतो.

शरीराच्या तयारीत हिमोग्लोबिन, साखर आणि प्रथिनं या तीन गोष्टींकडे बघा. मोठ्या भाजण्यात रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 1.5 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. तंबाखू बंद, ओढायची आणि चघळायचीही, आणि जितकी लवकर तितकी बरी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि ग्राफ्टचा सगळा भरवसा त्यांच्यावरच असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेलेली कातडी काढताना रक्त बरंच जातं, तेव्हा रक्ताची सोय झाली आहे का ते विचारा. मांडीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते. घन आहार सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

सही करण्याआधी कातडी जाळीची लावणार की सलग, हे समजून घ्या. भाजलेला भाग मोठा असेल तर मशीनने तिला बारीक चिरा पाडून ताणतात, दीडपट, कधी तिप्पट. जाळीच्या भोकांतून खालचं रक्त-पाणी निघून जातं हा फायदा, पण तो जाळीदार ठसा नंतरही दिसत राहतो. म्हणून चेहऱ्यावर आणि शक्यतो हातावर सलग तुकडा लावतात.

आता ऑपरेशननंतरचे पहिले पाच दिवस. लावलेल्या कातडीला स्वतःचं रक्त नसतं. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतला द्रव शोषून तग धरते, मग दोन्हीकडच्या बारीक नळ्या एकमेकींना जुळतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त खेळायला लागतं. मधल्या काळात खाली रक्त साठलं किंवा कातडी जराशी घसरली, की जुळत आलेल्या नळ्या तुटतात. मला या सगळ्यात जास्त काळजी या न हलण्याची वाटते. त्यासाठी पाय उंच ठेवायला दोन घट्ट उशा, बेडपॅन, युरिनल, हात पोचेल इथे पाणी आणि फोन, आणि रात्री जागं राहू शकेल असं माणूस हवं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना अख्खं अंग हलतं. लहान मूल असेल तर स्लॅब (हातपाय हलू नये म्हणून बांधलेली प्लास्टरची पट्टी) असूनही त्याचे हात गुंतवून ठेवावे लागतात. गोष्टी, चित्रं, जे चालेल ते.

पहिलं ड्रेसिंग साधारण पाचव्या दिवशी उघडतो. आधी सलाइनने भिजवायचं, मग एकेक थर सोडवायचा. याला अर्धा तासही लागतो, तेव्हा घाई करायला सांगू नका. कातडी गुलाबी आणि खाली चिकटलेली दिसली की ती धरली. त्याआधी ताप, घाण वास, रक्ताने भिजलेली पट्टी, बोटं निळी किंवा बधिर, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. मांडीची पट्टी मात्र ओढू नका. खाली नवी कातडी आली की ती सुटत जाते, सुटलेली कड तेवढी कात्रीने कापायची.

घरी येण्याआधी वास नसलेलं मॉइश्चरायझर आणून ठेवा. पातळ ग्राफ्टमध्ये तेलग्रंथी नीट काम करत नाहीत, कातडी कोरडी पडून तडकते. उन्हापासून ती निदान वर्षभर झाकायची. सांध्यावर ग्राफ्ट असेल तर व्यायाम रोज, दुखलं तरी, कारण पातळ कातडी महिनोन्‌महिने आकसत राहते. प्रेशर गारमेंट, म्हणजे कातडीवर दाब ठेवणारा घट्ट कपडा दिला तर ते दिवसाचे 23 तास घालायचं असतं. माप देताना दोन जोड मागा, एक अंगावर आणि एक वाळत.