दोघा भावंडांची रडारड कशी थांबली

दिवाळीच्या सुट्टीत निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' आणला. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेला हा गेम एका टीव्हीवर चौघांना एकत्र खेळता येतो. पण आमच्याकडे रोज संध्याकाळी भांडण ठरलेलं. नऊ वर्षांची ताई सुसाट पुढे, पाच वर्षांचा धाकटा मागे राहून पडद्याबाहेर, आणि मग भोकाड.

एका रविवारी मीच शेजारी बसून नीट पाहिलं. कॅमेरा मुकुट असलेल्या खेळाडूच्या मागे जातो, आणि शेवटच्या झेंड्याच्या खांबावर सगळ्यात उंच उडी मारणाऱ्याला तो मुकुट मिळतो. दरवेळी ताईच! म्हणून ठरवलं, ताईने खांब खालूनच धरायचा. मुकुट धाकट्याकडे आला, आणि कॅमेरा त्याच्या चालीने चालू लागला.

दुसरा बदल पात्राचा. त्याला लाल टोपीचा मारिओच हवा होता, पण योशी या डायनासोर पात्राला शत्रूंचा मार लागत नाही. खड्ड्यात पडला तर मात्र जीव जातोच. "योशी हो, ताई तुझ्या पाठीवर बसेल," म्हटल्यावर गडी लगेच तयार!

तरीही एकदा तो खड्ड्यात पडला, भूत होऊन तरंगू लागला. अशा वेळी काही सेकंदांत साथीदाराने शिवलं की खेळाडू परत येतो. ताई उलटी फिरली, धावत गेली, शिवली. "वाचवलं तुला!" धाकटा सोफ्यावर उभा राहून नाचत होता.