कोंबड्यांच्या जातींची फलन आणि उबवण यांत तुलना कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात अंडी उबवून पिल्ले विकणाऱ्या छोट्या कुक्कुटपालकापुढे जातींची निवड भरपूर आहे. बेंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेल्या गिरिराज आणि स्वर्णधारा, हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेची कावेरी, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया, मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ, आणि या सर्वांच्या आधीपासून परसात असलेली आपली जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी. यांपैकी कोणती जात चांगली उबते, या प्रश्नाला जो तो आपल्या एखाद्या खेपेवरून उत्तर देतो. त्या उत्तरात बहुतेक वेळा जातीचा वाटा थोडा असतो, आणि कोंबडा, अंड्यांचे वय, उबवणी यंत्रातील जागा व हवामान यांचा वाटा मोठा असतो. हे घटक सर्व जातींसाठी सारखे करून मग उरलेला फरक जातीच्या नावावर कसा टाकावा, याची पद्धत पुढे दिली आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. गिरिराज, वनराजा, कावेरी यांसारखे पक्षी अनेक वाणांच्या संकरातून तयार केलेले आहेत. त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेली पिल्ले आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत; रंग, वाढ आणि अंड्यांची संख्या यांत ती विखुरतात, आणि संकराचा जोम पुढच्या पिढीत कमी होतो. त्यामुळे घरच्या गिरिराजाची उबवण जवारीशी ताडून पाहताना आपण मूळ जातीची नव्हे, तर तिच्या दुसऱ्या पिढीची परीक्षा घेत असतो. पिल्ले विकताना ती गिरिराज म्हणून विकणे ही तर ग्राहकाची सरळ फसवणूक आहे. जवारी, कडकनाथ आणि असील या देशी जातींची पैदास मात्र शुद्ध कळपातून पिढ्यान्‌पिढ्या करता येते, म्हणून माझ्या मते छोट्या पालकाने तुलनेची मेहनत मुख्यतः या जातींवर, किंवा एकाच जातीच्या दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या कळपांवर, खर्च करावी.

कळपांची मांडणी

प्रत्येक जातीचा एकच कळप आणि त्यात एकच कोंबडा ठेवला, तर जी तुलना होते ती जातींची नसून दोन नरांची असते. एक कोंबडा आळशी, लठ्ठ किंवा पायाने अधू निघाला की त्याच्या कळपातील अंडी वांझ राहतात आणि बदनाम होते ती जात. यासाठी प्रत्येक जातीचे किमान दोन, जमल्यास तीन स्वतंत्र खण करावेत, प्रत्येक खणात आठ ते दहा माद्यांमागे एक नर ठेवावा, आणि जातीतल्या जातीत नर अधूनमधून एका खणातून दुसऱ्यात फिरवावेत. सर्व माद्या शक्यतो एकाच वयाच्या असाव्यात. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी लहान असतात आणि कमी उबतात, तर वय झालेल्या माद्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते. अशा दोन कळपांची तुलना काही सांगत नाही.

कोंबडीच्या शरीरात नराचे शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. नर बदलल्यानंतर लगेचच्या अंड्यांतून निघालेले पिल्लू जुन्या नराचे असू शकते, म्हणून बाप निश्चित हवा असेल तर नर बदलल्यापासून तीन आठवड्यांनंतरचीच अंडी मोजणीत घ्यावीत.

खाद्य सर्वांना एकच द्यावे. आपल्याकडे मका आणि जोंधळा मुबलक असल्याने बरेच पालक त्यावरच भागवतात, परंतु केवळ धान्यावरील माद्यांच्या अंड्यांत जीवनसत्त्वे, विशेषतः रायबोफ्लेविन, कमी पडते आणि गर्भ उबवणीच्या मधल्या काळात मरतात. जास्त अंडी देणाऱ्या मादीला ही कमतरता आधी जाणवते, त्यामुळे जवारी तग धरते आणि सुधारित जात मागे पडल्याचा भास होतो. प्रजननाच्या कळपाला खनिजे व जीवनसत्त्वे मिसळलेले खाद्य हवे, आणि पावसाळ्यात ओल लागून बुरशी धरलेला मका कोणत्याही कळपाला घालू नये.

अंडी गोळा करणे आणि साठवणे

अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत. त्यांवर साध्या शिसपेन्सिलीने जातीचे अक्षर, खणाचा क्रमांक आणि तारीख लिहावी; स्केचपेनची शाई कवचाच्या छिद्रांतून आत उतरू शकते. तडकलेली, फार मळकी, वेडीवाकडी आणि अतिलहान किंवा अतिमोठी अंडी काढून टाकावीत, मात्र किती काढली हे लिहून ठेवावे, कारण ज्या जातीची दहा टक्के अंडी मांडणीपूर्वीच बाद होतात तिचा हिशेब पुढच्या टक्केवारीत दिसत नाही.

अंडी १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात, बोथट टोक वर ठेवून, सात दिवसांच्या आत मांडावीत. त्यानंतर उबवण दिवसागणिक घटत जाते. हिवाळ्यात बेळगाव शहरात आणि खानापूर भागात घरातली थंड खोली पुरते; एप्रिल-मे महिन्यांत अथणी, रायबाग भागात ती मुळीच पुरत नाही, आणि तापमान वाढून अर्धवट सुरू झालेला गर्भ यंत्रात जाण्यापूर्वीच मरतो. तिथे माठाच्या तत्त्वावर ओल्या वाळूच्या दुहेरी भिंतीची पेटी करावी. तुलनेसाठी महत्त्वाचे हे की कमी अंडी देणाऱ्या जातीची खेप जमायला जास्त दिवस लागतात आणि तिची अंडी आपोआप शिळी होतात. जवारी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, स्वर्णधारा त्याच्या दुपटीहून अधिक. यावर उपाय म्हणजे जवारीच्या माद्या जास्त ठेवणे. जवारीची अंडी जास्त दिवस साठवणे हा उपाय नव्हे.

यंत्रातील मांडणी

छोट्या यंत्रात सगळीकडे उष्णता सारखी नसते. दाराजवळ थंड, पंख्यासमोर वेगळे आणि वरच्या कप्प्यात आणखी वेगळे तापमान असते. एक जात वरच्या ट्रेमध्ये आणि दुसरी खालच्या ट्रेमध्ये ठेवली की परीक्षा ट्रेची होते. प्रत्येक ट्रेमध्ये सर्व जातींची अंडी एकाआड एक मांडावीत आणि पुढच्या खेपेला त्यांच्या जागा बदलाव्यात. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश, आर्द्रता पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के, आणि अंडी दिवसातून निदान सहा वेळा फिरवलेली असावीत. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास न्यावी. वीज गेल्यास वेळ आणि किती काळ गेली ते वहीत टिपावे. सर्व जाती एकाच यंत्रात असल्याने निदान नुकसान तरी सर्वांचे सारखे होते.

आर्द्रतेचा आकडा मात्र डोळे झाकून मानू नये. कवचाची जाडी आणि छिद्रे जातीनुसार वेगळी असतात, म्हणून एकाच आर्द्रतेत एका जातीची अंडी योग्य वाळतात आणि दुसरीची कमी. याची खरी कसोटी वजन ही आहे. प्रत्येक जातीची तीस अंडी मांडण्यापूर्वी आणि अठराव्या दिवशी तोलावीत. वजनात ११ ते १३ टक्के घट व्हायला हवी. तीस अंड्यांचे वजन १५०० ग्रॅम असेल तर अठराव्या दिवशी ते सुमारे १३२० ग्रॅम भरावे. खानापूरच्या जुलैमधील पावसात ही घट फार कमी होते, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू कवच टोचून तिथेच गुदमरते. अथणीच्या मार्चमध्ये नेमके उलटे होते. घट प्रमाणाबाहेर असेल तर त्या जातीचा निकाल धरू नये, आधी आर्द्रता दुरुस्त करावी.

अठराव्या दिवसानंतर प्रत्येक जातीला स्वतंत्र जाळीची टोपली किंवा आडपडदा द्यावा. ओली पिल्ले एकत्र झाली की जवारी आणि कावेरी यांची पिल्ले वेगळी ओळखणे अनुभवी माणसालाही जमत नाही.

न उबलेली अंडी फोडून पाहणे

सर्व पद्धतीत सर्वाधिक शिकवणारी पायरी हीच आहे आणि बहुतेक जण दुर्गंधीला कंटाळून हीच गाळतात. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडी पाहून जी स्वच्छ दिसतील ती बाजूला काढावीत, परंतु त्यांना लगेच वांझ म्हणू नये. ती फोडून बलकावर पाहावे. फक्त लहान, घट्ट पांढरा ठिपका असेल तर अंडे वांझ. मोठी कड्यासारखी चकती किंवा रक्ताचे वलय असेल तर अंडे फळले होते आणि गर्भ पहिल्याच दिवसांत मेला. उजेडावर दोन्ही बऱ्याचदा सारखीच दिसतात, पण पहिल्याचे कारण कोंबड्यात शोधायचे असते आणि दुसऱ्याचे साठवणुकीत, उष्णतेत किंवा वाहतुकीतील हादऱ्यांत. निपाणीहून दुचाकीवर आणलेली अंडी आणि घरच्या खुराड्यातली अंडी यांची तुलना करताना हा भेद न केल्यास सर्व निष्कर्ष चुकतात.

एकविसाव्या दिवसानंतर आणखी एक दिवस थांबून उरलेली अंडी फोडावीत. दुसऱ्या आठवड्यात मेलेले गर्भ बहुतेक वेळा माद्यांच्या आहाराकडे बोट दाखवतात. पूर्ण वाढलेले, पिसे आलेले पण कवच न टोचलेले, अथवा टोचून अडकलेले पिल्लू हे शेवटच्या दिवसांतील तापमान, आर्द्रता आणि हवा खेळती नसणे यांचे लक्षण असते. एकाच यंत्रात, एकाच ट्रेमध्ये, एकाच खाद्यावर असूनही एका जातीत हे मृत्यू खेपेमागून खेपेला अधिक होत असतील, तेव्हाच जातीवर किंवा त्या कळपातील जवळच्या नात्यातील पैदाशीवर संशय घ्यावा. छोट्या कळपात भाऊ-बहिणींची पैदास होणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि तिचा पहिला फटका उबवणीलाच बसतो.

यंत्राविषयी शंका असल्यास एक जुना उपाय आहे. खुडूक बसलेल्या जवारी कोंबडीखाली सर्व जातींची मिळून दहा-बारा अंडी खुणा करून ठेवावीत. जी जात यंत्रात उबत नाही पण कोंबडीखाली उबते, तिचा दोष यंत्राच्या मांडणीत आहे. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या बाजूला, रानकोंबडा आढळतो. त्याची अंडी मात्र अशा प्रयोगात आणू नयेत, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो संरक्षित पक्षी आहे.

आकडे कसे मांडावेत

तीन वेगळी प्रमाणे काढावीत: मांडलेल्या अंड्यांपैकी फलित किती, फलित अंड्यांपैकी उबलेली किती, आणि मांडलेल्या अंड्यांपैकी उबलेली किती. केवळ शेवटचे प्रमाण सांगणे ही आपल्याकडची रूढ सवय आहे आणि तीच दिशाभूल करते. समजा, दोन जातींची प्रत्येकी १२० अंडी मांडली. पहिलीची १०२ फळली आणि ८४ पिल्ले निघाली. दुसरीची ९० फळली आणि ८१ पिल्ले निघाली. मांडलेल्या अंड्यांवर पहिली ७० टक्के आणि दुसरी ६७.५ टक्के, म्हणजे पहिली सरस. पण फलित अंड्यांवर पहिली ८२ टक्के आणि दुसरी तब्बल ९० टक्के. दुसऱ्या जातीची अडचण नरांची आहे आणि ती नर बदलून सुटू शकते. पहिल्या जातीत गर्भ मरत आहेत आणि त्याचे कारण शोधणे अधिक अवघड आहे. मी असतो तर दुसरी जात ठेवून तिचे कोंबडे बदलले असते.

लहान आकड्यांतील फरकावर विश्वास ठेवू नये. शंभर-शंभर अंड्यांत एका जातीची ८० आणि दुसरीची ७२ उबली, तर एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. शंभरच्या खेपेत सुमारे बारा टक्क्यांपेक्षा कमी अंतराला अर्थ देऊ नये. प्रत्येकी चारशे अंडी झाली की सुमारे सहा टक्क्यांचे अंतरही विश्वासार्ह ठरते. हे चारशे एका दमात मांडण्याची गरज नाही. उलट तीन-चार खेपांत, आणि शक्यतो हिवाळा, उन्हाळा व पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत विभागून मांडणे चांगले, कारण कडक उन्हाळ्यात नरांची फलनशक्ती घटते आणि भारी अंगाच्या जातींत ती अधिक घटते. हिवाळ्यात पहिली आलेली जात मे महिन्यात शेवटची येऊ शकते.

ज्याला पिल्ले विकायची आहेत त्याने आणखी एक गुणाकार करावा: मादीची वर्षाची अंडी, गुणिले मांडणीयोग्य अंड्यांचे प्रमाण, गुणिले मांडलेल्या अंड्यांवरील उबवण, आणि त्यातून पहिल्या सात दिवसांत मेलेली व लंगडी, ओल्या बेंबीची पिल्ले वजा. या हिशेबात कमी अंडी देणारी जवारी संख्येने मागे पडते, परंतु तिचे पिल्लू बाजारात जास्त दराने जाते, म्हणून शेवटी दोन्ही जातींचा हिशेब प्रत्येक मादीमागे रुपयांत मांडून पाहावा, आणि त्यात खाद्याचा खर्चही धरावा.

हीच पद्धत इतर पक्ष्यांनाही जशीच्या तशी लागू पडते. बदलतात ते फक्त दिवस. जपानी लावा सुमारे १७ ते १८ दिवसांत, फेझंट २३ ते २५, गिनी कोंबडी २६ ते २८ आणि टर्की २८ दिवसांत उबते, आणि अंडी फिरवणे सर्वांतच बाहेर पडण्याच्या तीन दिवस आधी थांबवावे लागते. वेगवेगळ्या कालावधीचे पक्षी एकाच यंत्रात घालायचे असतील, तर लांब कालावधीची अंडी आधी मांडून सर्वांचा शेवट एकाच दिवशी आणावा, म्हणजे आर्द्रता वाढवण्याची वेळ सर्वांसाठी एकच राहते.