ट्रीलेस खोगिरावर मांड जमवताना

ट्रीलेस खोगीर, म्हणजे आत ताठ सांगाडा नसलेलं खोगीर, हातात घेतलं की आधी त्याचा हलकेपणा जाणवतो. ते वाकतं, दुमडतं, घोड्याच्या पाठीवर टाकलं की पाठीचाच आकार घेतं. एवढं पाहून नव्या स्वाराला वाटतं की आता घोडा सुखी झाला. ही समजूत मात्र आधी बाजूला ठेवा. मीही या खोगिरावर मनापासून प्रेम करते, म्हणूनच हे आग्रहाने सांगते.

नेहमीच्या खोगिराच्या पोटात लाकडाचा, फायबरग्लासचा किंवा प्लॅस्टिकचा ताठ सांगाडा असतो, तोच ट्री. स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरवायचं आणि खुद्द कण्याला मोकळं ठेवायचं, हे काम तो मुकाट्याने करत असतो. तो काढून टाकला की काम उरतंच, फक्त ते करणारे बदलतात. थोडं खालचं पॅड करतं, बाकीचं तुमची बैठक. घोड्यांच्या हालचालींच्या अभ्यासक हिलरी क्लेटन यांच्या चमूने २०१२ साली दोन्ही प्रकारच्या खोगिरांखालचा दाब मोजला होता, स्वार ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, न उठता बसलेला असताना. ट्रीच्या खोगिराखाली तो जास्त जागेवर पसरलेला आढळला, तर ट्रीलेसखाली थोड्या जागेत एकवटलेला. तेव्हा निव्वळ ट्री नाही म्हणून पाठीला आराम, असा हिशेब धरू नये.

सुरुवात पॅडपासून करा, आणि त्यात कंजूषी नको. साधी घडी घातलेली चादर इथे चालत नाही. या खोगिरांसाठीच्या पॅडला दोन्ही बाजूंना कप्पे असतात, त्यात जाड फोमच्या किंवा नमद्याच्या पट्ट्या सरकवतात आणि मधोमध कण्यावर मोकळी वाट राहते. खोगीर चढवून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळल्यावर पुढून त्या वाटेत हात घाला. कुणी वर बसल्यावर पुन्हा घाला. खरी परीक्षा दुसऱ्या वेळेची, कारण रिकामं असताना मोकळी दिसणारी वाट वजन आलं की बसू शकते. मागची बाजूही पाहा: घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीच्या मागे वजन जाता कामा नये.

चढताना ठोकळा किंवा पायरी वापराच. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून अंग वर खेचलं की हे खोगीर तुमच्या बाजूला सरकतं, कारण आत त्याला धरून ठेवणारं ताठ काहीच नसतं. पलीकडची रिकीब कुणी दाबून धरली तर उत्तम. सरकतं म्हणून तंग गच्च आवळायचा मोह होतो, तो टाळा. थोडा वेळ चालवून मग एकदा तपासून घट्ट करणं पुरतं. त्यानंतरही खोगीर सतत एकाच बाजूला जात असेल, तर पॅडच्या पट्ट्या सारख्या आहेत ना ते पाहा, आणि त्या ठीक असतील तर स्वतःची बैठक तपासा. ट्री असताना एका कुशीवर जरा जास्त भार टाकून बसलं तरी निभावून जातं, इथे ते लगेच उघड होतं.

पहिले काही दिवस फक्त चालीत, म्हणजे घोडा पावलापावलाने चालत असताना, काढा. माझ्या मते सगळ्यात मोलाचं शिक्षण इथेच मिळतं. बऱ्याच ट्रीलेस खोगिरांची बैठक मांड्यांमध्ये रुंद लागते, त्यामुळे आतले स्नायू आणि खुब्याचे सांधे दुखतात. गुडघे आवळून धरलंत तर जास्तच. पाय सैल सोडा, दोन्ही बसण्याच्या हाडांवर सारखा भार द्या आणि लक्ष कमरेखाली आणा. घोड्याचा डावा मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा तुमचा डावा खुबा खाली उतरतो, घोड्याच्या पोटाचा घेर उजवीकडे झुलतो. मग उजव्या पायाची पाळी. जाड खोगिरात हे कळायला वेळ लागतो, इथे ते थेट अंगात येतं. खाली न पाहता कुठला पाय उचलला ते सांगता येऊ लागलं की ट्रॉटकडे वळायला हरकत नाही.

ट्रॉटमध्ये उठबस करताना रिकिबीवर जोर देऊन उभं राहायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. ट्रीच्या खोगिरात रिकिबीचा पट्टा सांगाड्याला अडकतो आणि भार पसरतो. बऱ्याच ट्रीलेस खोगिरांत दोन्ही रिकिबी पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याला लटकतात, म्हणजे तुम्ही उभे राहिलात की सगळं वजन त्या अरुंद पट्टीतून पाठीवर उतरतं. म्हणून उठणं मांडीतून, लहान आणि घोड्याच्या उसळीने मिळेल तेवढंच. रिकिबीशिवाय चालीत थोडा सराव केला की हे लवकर जमतं. उंच उड्या किंवा तासन्‌तास रिकिबीवर उभं राहून स्वारी करायची असेल, तर मी ट्रीचंच खोगीर निवडेन.

उंच, धारदार खांद्याच्या घोड्यावरही हे खोगीर बेताने वापरा. जाड पॅड घालूनही कण्याच्या वर आलेल्या हाडांच्या टोकांवर भार येत असेल तर आग्रह धरू नका. वजनदार स्वाराने बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा वाचावी आणि ती पाळावी. गोल, सपाट पाठीच्या घोड्यांवर, ज्यांच्यावर कुठलंच ठरावीक मापाचं खोगीर बसत नाही, तिथे मात्र हे फार उपयोगी पडतं.

खोगीर उतरवलं की लगेच पाठ पाहा. कण्यावर कोरडी रेघ आणि दोन्ही बाजूंना सारखा घाम, हे चांगलं लक्षण. भिजलेल्या भागात मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय असं धरा. दुसऱ्या दिवशी सपाट बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजू हलकेच दाबत मागे जा. घोडा पाठ खाली घेत असेल, कान मागे टाकत असेल, तर त्या दिवशी खोगीर चढवू नका. आणि पॅडच्या पट्ट्या अधूनमधून बाहेर काढून अंगठ्याने दाबून बघा. फोम उसळून पूर्ववत झाला नाही तर पट्टी बदला, वरून पॅड कितीही नवं दिसत असलं तरी.