आधी तारखा बघा, मग आकडे

बहारीनमध्ये ऑडिटच्या नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, इस्लामिक बँक म्हणजे व्याजाला नफा म्हणणारी बँक. कोल्हापुरात बी.कॉम. आणि पुढे सीए करताना या विषयाचं पानही वाचलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात गाडीच्या एका फाइलने माझी ती समजूत मोडली.

व्यवहार मुराबहाचा होता. ग्राहकाला गाडी हवी असते. बँक ती शोरूमकडून 5,000 दिनारला घेते आणि त्याला 5,600 ला हप्त्यांनी विकते. ठरलेली किंमत हप्ता चुकला तरी वाढत नाही. उशिराचा दंड घेतलाच तर तो दानात जातो.

मी आकडेमोड तपासली, बरोबर होती, सही केली. शरिया ऑडिटच्या, म्हणजे व्यवहार इस्लामी नियमांत बसतो का हे तपासणाऱ्या, सरांनी फक्त तारखा पाहिल्या. ग्राहकाशी विक्रीचा करार मंगळवारचा, बँकेची खरेदी बुधवारची. म्हणजे बँकेने स्वतःची नसलेली गाडी विकली होती! ते 600 दिनार उत्पन्नातून काढून दानाच्या खात्यात टाकावे लागले. गाडी बँकेच्या मालकीची असताना तिचं काही झालं तर नुकसान बँकेचं. ही जोखीम घेतली म्हणूनच नफा घेता येतो. हे मला त्या दिवशी उमगलं.

नव्याने येणाऱ्यांनी आधी मुराबहा, इजारा (भाडेकरार) आणि मुशारका (भागीदारी) हे करार स्वतः कागदावर मांडावेत. वस्तू कधी कुणाच्या मालकीची, एवढंच लिहा. सुकूक (इस्लामिक रोखे), तकाफुल (इस्लामिक विमा) नंतर. मग इस्लामिक बँकांसाठी हिशोबाचे आणि शरियाचे नियम ठरवणाऱ्या, बहारीनच्या राजधानीतल्या, मनामाच्या आयोफी संस्थेची मानकं वाचा. तिच्या परीक्षाही आहेत. मी मुस्लिम नाही, पण या कामात मला कधी कुणी अडवलं नाही.

नोकरी मात्र भारताबाहेरच शोधावी लागते. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये व्याजविरहित बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने तो विचार पुढे न नेण्याचं ठरवल्याचं 2017 मध्ये समोर आलं. आखात आणि मलेशियात संधी भरपूर आहेत. दुबई इस्लामिक बँक 1975 ची. 2014 मध्ये तर ब्रिटन सरकारनेही सुकूक काढले.

ऑफिसात इंग्रजी चालतं. तरी निघण्याआधी अरबी अंक वाचायला शिका. आठवड्याभरात जमतात, आणि करारावरची तारीख कुणाला विचारावी लागत नाही.