शिक्षक-व्हिसासाठी चारित्र्य दाखला: अर्जापासून अपोस्टिलपर्यंतची तयारी

परदेशातील शाळेचे नियुक्तिपत्र हाती आले की बहुतेक जण सर्वांत आधी पोलीस दाखल्याचा अर्ज भरायला बसतात. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. व्हिसा देणाऱ्या दूतावासाची सध्या लागू असलेली सूचना आधी नीट वाचावी आणि दाखला कोणत्या यंत्रणेचा हवा, तो किती जुना चालतो, कोणकोणत्या देशांतला लागतो, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्यावर मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) हवे की वकिलातीचे साक्षांकन, आणि भाषांतर कोणाकडून करून घ्यायचे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. शाळेकडून आलेली यादी सोयीची असते. परंतु ती मागच्या वर्षीच्या शिक्षकासाठी केलेली असण्याची शक्यता धरून चालावे आणि दोन्हींत तफावत दिसल्यास दूतावासाचे म्हणणे प्रमाण मानावे.

यंत्रणेचा प्रश्न पहिला, कारण तिथे चुकले तर पुढची सगळी धावपळ वाया जाते. दक्षिण कोरियाच्या ई-२ व्हिसासाठी, म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकांच्या व्हिसासाठी, देशव्यापी गुन्हे-नोंदींचा दाखला मागितला जातो. त्यामुळे अमेरिकी उमेदवाराला एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा दाखला काढावा लागतो आणि एकाच राज्याच्या पोलिसांनी दिलेला कागद तिथे उपयोगी पडत नाही. ब्रिटनमध्ये डीबीएस ही गुन्हे-नोंदींची तपासणी मुख्यतः देशातल्या नोकरीसाठी असते, तर व्हिसासाठीचा पोलीस दाखला एक्रो हे कार्यालय देते. मुलांसोबत काम करण्यासाठी परदेशी जाणाऱ्या शिक्षकाकडे काही शाळा याशिवाय आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्रही मागतात. नावे सारखी वाटली तरी हे कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ज्यांनी मधली काही वर्षे तिसऱ्याच देशात काढली आहेत, त्यांनी तिथल्या दाखल्याचा अर्ज सर्वांत आधी करावा, कारण सर्वाधिक वेळ त्याच कागदाला लागतो.

बोटांचे ठसे मागितले असतील तर त्याची तयारी दोन-तीन दिवस आधीपासून करावी. शाईने ठसा घेताना बोट नुसते दाबून चालत नाही. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते एकदाच, एकाच वेगाने फिरवावे लागते. हे फिरवण्याचे काम ठसे घेणाऱ्याचे असते आणि आपण फक्त हात सैल सोडायचा असतो. मदत करण्याच्या नादात आपणच बोट फिरवले की शाई फासली जाते आणि रेषांऐवजी काळा डाग उमटतो. वर्षानुवर्षे खडू हाताळलेल्या किंवा कोरड्या त्वचेच्या बोटांच्या रेषा पुसट येतात. अशांनी आधीचे काही दिवस हातांना रोज मलम लावावे, मात्र ठसे देण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. शक्य असेल तर त्याच बैठकीत ठशांचे दोन संच करून घ्यावेत, म्हणजे एक फेटाळला गेला तरी दुसरा तयार राहतो.

अर्जातील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. मधले नाव गाळणे, विवाहापूर्वीचे आडनाव न नमूद करणे, जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होणे या चुका क्षुल्लक वाटतात. पण दाखला छापून आल्यावर त्या दुरुस्त करायच्या म्हणजे बहुधा नवा अर्ज आणि नवी प्रतीक्षा. पदवी प्रमाणपत्रावर वेगळे नाव असेल तर नावबदलाचा पुरावाही याच वेळी बाहेर काढून ठेवावा, कारण त्यावरही अपोस्टिल मागितले जाऊ शकते.

आता मुख्य भाग. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देशांमध्ये सार्वजनिक कागदपत्रांवर वकिलातींच्या शिक्क्यांची मालिका लागत नाही, एकच अपोस्टिल पुरते. मात्र अपोस्टिल कागदातील मजकुराची खात्री देत नाही. सही खरी आहे, सही करणारा त्या हुद्द्यावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढेच ते सांगते. हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच घोळ टळतात. अपोस्टिल देणाऱ्या कार्यालयाला त्या सहीबद्दल सांगण्याचा अधिकार असावा लागतो, म्हणून एफबीआयच्या दाखल्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचेच अपोस्टिल लागते, राज्याच्या कार्यालयाचे नाही. दाखल्याची झेरॉक्स नोटरीकडून साक्षांकित करून तिच्यावर अपोस्टिल घेतले, तर प्रमाणित होते ती नोटरीची सही, पोलीस अधिकाऱ्याची नव्हे. पदवीच्या बाबतीत ही वाट अनेक ठिकाणी मान्य असली तरी पोलीस दाखल्यासाठी ती मान्य आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. शिवाय दूतावासांनी किंवा वकिलातींनी स्वतः दिलेल्या कागदांना हा करार लागूच होत नाही. परदेशात राहून आपल्याच देशाच्या दूतावासाकडून दाखला घेणारे नेमके इथे अडकतात.

आपण जाणार तो देश कराराचा सदस्य आहे का, हे जुन्या माहितीवर ठरवू नये. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडामध्ये ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधी तिथे गेलेल्या सहकाऱ्याचा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी तो आता कालबाह्य आहे. दोन्ही देश सदस्य असूनही एकाने दुसऱ्याच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला असेल, तर त्या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही; ही नोंद हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरील तक्त्यात सापडते. देश सदस्य नसेल तर जुनी साखळी आलीच: सहसा आधी आपल्या परराष्ट्र खात्याचे साक्षांकन आणि मग त्या देशाच्या वकिलातीचे.

वेळेचा हिशेब व्हिसाच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजावा. करारात अपोस्टिलला मुदत घातलेली नाही. मुदत असते ती दाखल्याला. दूतावास सहा महिन्यांच्या आतला दाखला मागत असेल, तर ते महिने दाखल्यावरील तारखेपासून मोजले जातात आणि अपोस्टिलची तारीख ताजी असल्याने त्यात काही फरक पडत नाही. घाईने फार लवकर काढलेला दाखला त्यामुळे उशिरा काढलेल्या दाखल्याइतकाच अडचणीत आणतो. भाषांतर शेवटी करावे, म्हणजे अपोस्टिलचा मजकूरही त्यात येतो. दाखला पीडीएफ स्वरूपात मिळत असेल तर त्याच्या छापील प्रतीवर अपोस्टिल मिळते की ई-अपोस्टिलच घ्यावे लागते, आणि दूतावास यांपैकी काय स्वीकारतो, हे दोन्हीकडे विचारावे.

कागद हातात आला की खिडकीपाशीच उभे राहून तो वाचावा. अपोस्टिलमध्ये क्रमांक घातलेले दहा रकाने असतात. त्यांतील सही करणाऱ्याचे नाव मूळ दाखल्यावरील सहीशी जुळते का, तारीख आणि नोंद क्रमांक स्पष्ट आहेत का, हे पाहावे. तो क्रमांक देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदवहीत असतो आणि शाळा किंवा दूतावास त्यावरून पडताळणी करू शकतात. अपोस्टिल वेगळ्या कागदावर असेल तर ते दाखल्याला पिनेने किंवा फितीने जोडलेले असते. ती पिन काढू नये. मी एकदा नीट स्कॅन यावे म्हणून ती सोडवली आणि परत लावली. खिडकीवरच्या बाईंनी कोपरा बोटाने उलटून दोन छिद्रांच्या जागी चार पाहिली आणि कागद परत सरकवला. स्कॅन करताना कोपरा दुमडून पान पलटावे, सावली आली तर येऊ द्यावी. लॅमिनेशन तर करूच नये, कारण पुढचा शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाही. व्हिसा कार्यालय मूळ प्रत ठेवून घेते आणि तिथे पोहोचल्यावर निवास परवान्यासाठी पुन्हा मूळ प्रत मागितली जाऊ शकते, म्हणून दाखल्याच्या दोन प्रती मागवून दोन्हींवर अपोस्टिल घ्यावे. दाखला मोहोरबंद पाकिटात आला असेल आणि दूतावासाला तो तसाच हवा असेल, तर पाकीट उघडून पाहण्याचा मोह आवरावा.