तोफ बघायची तर पल्ला शेवटी विचारा

तोफखान्यात नोकरी केली, त्यामुळे भरतीची तयारी करणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, हिची रेंज किती?" पोरांनो, तो प्रश्न शेवटी विचारा. होवित्झर, म्हणजे उंच कोनातून गोळा टाकणारी तोफ, बघायची ती नळीपासून.

कागदावर १५५/५२ असं लिहिलेलं असतं. १५५ हा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. नळीची लांबी त्याच्या ५२ पट, म्हणजे ८ मीटरच्या थोडी वर. बोफोर्स ३९ ची, ६ मीटर. जबलपूरची धनुष ४५ ची. नळी लांब असली की जळत्या चार्जचा, म्हणजे गोळ्यामागे भरलेल्या दारूचा, वायू गोळ्याला जास्त अंतर ढकलत नेतो आणि गोळा जास्त वेगाने सुटतो. मग चेंबर बघा, म्हणजे नळीच्या मागची, चार्ज भरायची पोकळी. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बनवलेल्या अटॅग्स या देशी तोफेचं चेंबर २५ लिटरचं आहे; ५२ च्या नळीला एरवी २३ लिटरचं असतं. दोन लिटर जास्त जागा, म्हणजे चार्जही जास्त.

पण हा जोर मागेही येतो, आणि तोफेची खरी कारागिरी इथेच दिसते. नळीच्या टोकाला खाचा असलेला जाड तुकडा असतो, तो मझल ब्रेक. गोळा बाहेर पडला की मागून येणारा वायू त्या खाचांतून बाजूला आणि मागे वळतो, त्यामुळे नळी थोडी पुढे ओढली जाते. उरलेला धक्का रिकॉईल सिस्टीम, म्हणजे नळीला मागे सरकू देऊन आवरणारी यंत्रणा, गिळते, आणि शेवटचा मातीत रुतलेले ट्रेलचे, म्हणजे तोफेच्या मागच्या पायांचे, फाळ सोसतात. तोफ जवळून बघायला मिळाली तर या फाळांपाशी थांबा.

आता वजन. अटॅग्स सुमारे १८ टनांची. एम-७७७ ही हलकी होवित्झर चार टनांच्या थोडी वर, कारण तिच्यात टायटॅनियम वापरलंय. चिनूक हेलिकॉप्टर तिला लटकवून डोंगरावर नेतं. पण तिची नळी ३९ चीच. हलकेपणाची किंमत अशी मोजावी लागते, आणि सीमेवरच्या उंच ठाण्यांसाठी ती मोजण्यासारखी आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

तोफ जागा किती लवकर सोडते हेही विचारा. शत्रूचं रडार उडत्या गोळ्याचा मार्ग उलटा मोजून तोफेची जागा काढतं. म्हणून बोफोर्सला स्वतःचं इंजिन होतं, आणि के-९ वज्र तर रणगाड्यासारखी पट्ट्यांवरच चालते. अटॅग्सची हालचाल हायड्रॉलिकऐवजी विजेवर चालते. तेलगळतीची कटकट मिटते, हे मला फार आवडलं.

आता पल्ला. अटॅग्सचा ४८ किलोमीटर सांगतात, पण कुठल्या गोळ्याने? बेस ब्लीड गोळ्याच्या बुडातून वायू सुटतो. तो गोळ्याला ढकलत नाही, मागची पोकळी भरून काढतो. हवेची ओढ कमी होते आणि त्याच तोफेचा गोळा कित्येक किलोमीटर पुढे पडतो. त्यामुळे आकड्यापुढे गोळ्याचा प्रकार दिला नसेल, तर दोन तोफांचे पल्ले शेजारी मांडू नका.