४५ मिनिटांच्या बॅचमध्ये किती मीटर पोहावं?

तरणतलावाच्या चेंजिंग रूममध्ये रोज हमखास कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, "आज किती झाल्या?" कुणी तीस म्हणतं, कुणी चाळीस. ते ऐकून तिसरा दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस फेऱ्यांचा पण करतो आणि पंधरा दिवसांत खांदा धरून बसतो. शाळकरी वयापासून क्लबात पोहणारी मुलं एका सरावात पाच-सहा किलोमीटर सहज काढतात. पण पस्तिशीनंतर पोहायला शिकून, आंघोळ उरकून, धावतपळत ठाणे स्टेशन गाठणाऱ्याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. त्याचं अंतर ठरतं हातात असलेल्या मिनिटांवरून आणि खांद्याच्या कुवतीवरून.

पहिली पायरी : तलाव मोजा

हे ऐकायला बाळबोध वाटेल, पण निम्मे घोळ इथेच होतात. एक जण जाऊन-येऊन एक फेरी धरतो, दुसरा नुसतं जाणं. म्हणून फेऱ्या सोडा, मीटरमध्ये बोला. महापालिकेचा किंवा क्लबचा तलाव असेल तर लांबी तिथल्या कोचला विचारा. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधले तलाव मात्र बहुधा शोभेसाठी बांधलेले असतात : कुठे वाटाण्याच्या आकाराचे, कुठे जेमतेम सोळा-अठरा मीटरचे. तिथे सरळ मेजरिंग टेप घेऊन काठाने मोजून घ्या, वॉचमन हसला तर हसू दे. तलाव जितका आखूड तितक्या वेळा भिंतीला पाय मारून फुकटचा धक्का मिळतो. त्यामुळे सोसायटीतले १००० मीटर मोठ्या तलावातल्या १००० मीटरपेक्षा हलके जातात.

दुसरी पायरी : आपला वेग काढा

गर्दी कमी असलेल्या दिवशी, थोडं अंग मोकळं करून, ४०० मीटर जमेल तितक्या एकसारख्या वेगाने पोहा आणि वेळ लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटं आरामात तरंगून मग २०० मीटर तसेच पोहा. मोठ्या वेळेतून छोटी वेळ वजा करून उरलेल्या सेकंदांना दोनने भागा. समजा ४०० ला १० मिनिटं लागली आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक ३२० सेकंदांचा, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद. दम न तुटता बराच वेळ टिकवता येईल असा हा साधारण वेग. ज्यांना ४०० सलग जमत नाही त्यांनी एवढा खटाटोप करू नये. १०० मीटर आरामात पोहायला किती वेळ लागतो तेवढं पाहिलं तरी पुरे.

तिसरी पायरी : मिनिटांचे मीटर करा

बॅच कागदावर ४५ मिनिटांची असली तरी शॉवर, कॅप, गॉगलची काच पुसणं आणि शेवटची शिट्टी धरता पाण्यातली कामाची मिनिटं अडतीस-चाळीसच उरतात. वरच्या वेगाच्या माणसाने दर १०० मीटरनंतर २० सेकंद भिंत धरली, तर एका शंभराला तीन मिनिटं जातात. म्हणजे या वेळात १२०० मीटरच्या आसपास. त्याने १८०० चा हट्ट धरला तर एक तर विश्रांती उडेल, नाही तर हात कसेही पडायला लागतील.

ते १२०० असे वाटून घेता येतील. सुरुवातीला २०० मीटर अगदी सावकाश, वाटल्यास मधेमधे बॅकस्ट्रोक. मग ५० मीटरचे चार तुकडे, दोन तुकडे किक बोर्ड (हातात धरायची तरंगणारी फळी) घेऊन नुसत्या पायांनी आणि दोन फक्त हात सुधारण्यासाठी. त्यानंतर मुख्य काम, १०० मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी २० सेकंदांची विश्रांती आणि सहाही शंभर जवळपास एकाच वेळेत. शेवटी २०० मीटर रमतगमत. सहावा शंभर पहिल्यापेक्षा दहा-बारा सेकंदांनी मागे पडत असेल तर पुढच्या वेळी पाचवरच थांबा.

जे २५ मीटरला थांबतात त्यांच्यासाठी एकूण ४०० ते ६०० मीटर पुष्कळ झाले, तेही तुकड्यातुकड्यांनी. सलग १०० जमणाऱ्यांनी ८०० ते १२०० धरावेत. सलग ४०० जमत असतील आणि पूर्ण तासभर हाताशी असेल तर १५०० ते २००० पर्यंत जायला हरकत नाही. ब्रेस्टस्ट्रोकच पोहणाऱ्यांचा आकडा थोडा कमी येणार, त्यात कमीपणा नाही. मात्र सगळं अंतर त्याच स्ट्रोकने काढलं तर गुडघे आतल्या बाजूने बोलायला लागतात, तेव्हा अधूनमधून बदल हवा.

चौथी पायरी : हात मोजा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. सुरुवातीला ताजे असताना २५ मीटरला किती हात पडतात ते मोजा. समजा २० पडले. मग १००० मीटरला ८०० हात, म्हणजे एकेका खांद्यामागे ४०० फेरे. पोहणारा दमला की आधी कोपर खाली येतं, हात डोक्यासमोर पलीकडच्या बाजूला पडायला लागतो, पाय बुडतात, आणि २० चे २४-२५ होतात. म्हणजे अंतर तेवढंच, पण खांद्याला काम जास्त आणि तेही वाकड्या रेषेत. २५ मीटरला नेहमीपेक्षा चार-पाच हात जास्त पडायला लागले की त्या दिवसाचं अंतर तिथे संपलं, वहीत काहीही लिहिलेलं असो. स्नायू दुखणं वेगळं. खांद्याच्या पुढच्या बाजूला बारीक टोचल्यासारखं झालं तर लगेच थांबावं. शर्ट घालताना दुसऱ्या दिवशीही टोचत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर अंतर वाढवायच्या आधीच विचारून घेतलेलं बरं.

पाचवी पायरी : आठवड्याचा हिशेब

रोज ५०० पोहण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस १००० पोहणं मला जास्त पटतं. मधल्या दिवशी खांदा सावरतो आणि घरचेही कुरकुरत नाहीत. तीन दिवसांचे ३००० होत असतील तर पुढच्या आठवड्यात ३३०० च्या वर जाऊ नका, आणि दर चौथ्या आठवड्याला हात आखडता घ्या. आठवड्याला दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा किमान सल्ला आहे. तीन बॅचमध्ये तो जवळजवळ भरून निघतो. राहिलेली कसर तलावपाळीला किंवा उपवनला चालून काढावी.

एप्रिल-मे मध्ये हे सगळे आकडे थोडे खाली आणा. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांत ठेवतात. ठाण्याच्या उन्हात उघड्या तलावाचं पाणी त्याच्या बरंच वर जातं. पाण्यातही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. काठावर पाण्याची बाटली ठेवा आणि दर तीन-चारशे मीटरला दोन घोट घ्या. शिवाय सुट्टीतल्या गर्दीत सरळ रेषेत पोहायला मिळणंच मुश्कील, कुणाचा ना कुणाचा पाय गॉगलवर बसतोच. तेव्हा या दोन महिन्यांत मीटरच्या मागे न लागता किक आणि श्वासावर काम करावं. जून उजाडला की बॅचा रिकाम्या होतात, पाणीही गार होतं. अंतर वाढवायला पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. विजा चमकत असतील तेवढं मात्र पाण्याबाहेर राहायचं.

समुद्रात उतरायचं असेल तर

मालवणला चिवला बीचवर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसाठी आपल्याकडचे बरेच हौशी जातात. तिथे ३ किलोमीटरची शर्यत डोक्यात असेल तर आठवड्याचं अंतर तीन-चार महिन्यांत हळूहळू ६ ते ८ किलोमीटरपर्यंत न्यावं लागतं. त्यात एक दिवस दोन-अडीच किलोमीटर सलग हवेत, म्हणजे ४५ मिनिटांची बॅच इथे पुरणार नाही. २५ मीटरच्या तलावात ३ किलोमीटर पोहताना ११९ वेळा भिंत मिळते, समुद्रात एकदाही मिळत नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात भिंतीच्या थोडं अलीकडूनच वळायची सवय लावा आणि दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून समोर बघा. नेमक्या याच दोन गोष्टींनी दमायला होतं. शर्यतीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. आणि खुल्या पाण्याचा सराव एकट्याने कधीच करू नका. सोबत होडी किंवा अनुभवी माणूस हवाच.

गणपती, दिवाळी, व्हायरल ताप, असं काहीबाही होऊन महिनाभराचा खंड पडतोच. परत आल्यावर जुन्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. दम आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतो, खांद्याला त्याहून जास्त वेळ लागतो.